किनाऱ्याला जखडलेला बर्फ आणि ध्रुवीय हिमनद्या : एका नात्याच्या ओळखीचा इतिहास

शालेय आणि महाविद्यालयीन भूगोलाच्या पुस्तकांत एक विधान हमखास आढळते. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी वाढत नाही, असे ते विधान होय. पेल्यातील पाण्यात बर्फाचा खडा विरघळला तरी पाणी काठाबाहेर सांडत नाही, हा त्याचा नेहमीचा दाखला. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या घनतेतील फरकामुळे होणारी किरकोळ वाढ सोडली, तर हे विधान बरोबर आहे. मात्र त्यावरून विद्यार्थी जो निष्कर्ष काढतो, की समुद्रबर्फाच्या असण्यानसण्याचा समुद्राच्या पातळीशी काहीच संबंध नाही, तो अपुरा आहे. पेल्यातील खड्याच्या मागे डोंगरावरून उतरणारी हिमनदी नसते. ध्रुवीय किनाऱ्यावर ती असते. आणि तिच्या तोंडाशी गोठून उभा राहिलेला समुद्रबर्फ काही ठिकाणी तिला आवरून धरतो.

ही दुसरी बाजू विज्ञानाच्या ध्यानात यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. आरंभी दर्यावर्दींनी या बर्फाकडे केवळ वाटेतला अडसर म्हणून पाहिले. पुढे तो हिमनद्यांचा आधारही असू शकतो, हे कळले. तो आधार नेमका किती आणि कोणत्या मार्गाने मिळतो, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. प्रस्तुत लेखात या ओळखीचा क्रम संक्षेपाने मांडला आहे.

दोन प्रकारचे बर्फ, एक किनारा

आपल्या बोलण्यात 'बर्फ' हा फारसीतून आलेला शब्द आणि 'हिम' हा संस्कृत शब्द आलटून पालटून येतात. ध्रुवप्रदेशाचा विचार करताना मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे भाग आहे. पहिली म्हणजे हिमनदी. हजारो वर्षे जमिनीवर पडत राहिलेल्या हिमाचे थर दबून तिचा बर्फ तयार होतो. हा बर्फ गोड्या पाण्याचा असतो, शेकडो मीटर जाड असतो आणि स्वतःच्या भाराने समुद्राकडे सरकत राहतो. किनाऱ्यावर पोहोचल्यावर तो कधी पाण्यावर तरंगत पुढे येतो. अशा चिंचोळ्या तरंगत्या भागाला हिमजिव्हा आणि विस्तीर्ण तरंगत्या भागाला हिममंच म्हणता येईल. त्याची कड तुटून पाण्यात पडते तेव्हा हिमनग तयार होतो.

दुसरी गोष्ट समुद्रबर्फ. समुद्राचे खारे पाणी उणे १.८ अंश सेल्सियसच्या आसपास गोठून तो बनतो. त्याची जाडी बहुधा एक-दोन मीटर असते. यातील बराचसा बर्फ वाऱ्या-प्रवाहाबरोबर भटकतो. परंतु काही बर्फ किनाऱ्याला, हिममंचाच्या कडेला किंवा उथळ तळावर रुतून बसलेल्या हिमनगांना घट्ट चिकटून राहतो आणि जागचा हलत नाही. त्यालाच येथे 'किनाराबद्ध बर्फ' म्हटले आहे. काही ठिकाणी तो दर उन्हाळ्यात फुटतो, काही ठिकाणी वर्षानुवर्षे टिकून कित्येक मीटर जाड होतो.

शेकडो मीटर जाडीच्या हिमनदीपुढे दोन मीटरच्या पापुद्र्याची मातब्बरी ती काय, असा प्रश्न साहजिक आहे. संशोधकांनाही तो दीर्घकाळ पडला होता.

अडसर म्हणून झालेली ओळख

१८९३ च्या अखेरीस नॉर्वेचे कप्तान कार्ल आंतोन लार्सन 'यासोन' या जहाजातून अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे गेले आणि तेथील प्रचंड हिममंचाची कड त्यांनी पाहिली. पुढे त्या हिममंचाला त्यांचेच नाव मिळाले. १९०२ मध्ये स्वीडनचे ओटो नॉर्डेनशल्ड यांनी स्नो हिल बेटावर मुक्काम केला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते गोठलेल्या समुद्रावरून व लार्सन हिममंचावरून घसरगाड्यांनी दक्षिणेला गेले. बर्फ त्यांच्यासाठी रस्ता होता. तोच बर्फ त्यांच्या जहाजाला मात्र काळ ठरला. लार्सन यांच्याच हाताखालचे 'अंटार्क्टिक' नावाचे ते जहाज बर्फात चेपले जाऊन फेब्रुवारी १९०३ मध्ये बुडाले. अडकून पडलेल्या मंडळींची सुटका त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अर्जेंटिनाच्या 'उरुग्वाय' या जहाजाने केली.

अंटार्क्टिकाच्या दुसऱ्या बाजूला मॅकमर्डो सामुद्रधुनीत त्याच काळात रॉबर्ट स्कॉट यांचे 'डिस्कव्हरी' जहाज १९०२ मध्ये किनाराबद्ध बर्फात गोठले. पुढच्या उन्हाळ्यात बर्फ फुटेल आणि जहाज मोकळे होईल, असा अंदाज होता. तो चुकला. मदतीसाठी आलेली 'मॉर्निंग' आणि 'टेरा नोव्हा' ही जहाजे बर्फाच्या कडेशी थांबून राहिली. सुरुंग लावून पाहिले गेले. अखेरीस खुल्या समुद्रातून आलेल्या लाटांच्या हेलकाव्याने बर्फ भराभर फुटला आणि १६ फेब्रुवारी १९०४ रोजी जहाज सुटले. माणसांना आणि सुरुंगांना जे साधले नाही ते दूरवरून आलेल्या लाटांनी थोड्या दिवसांत केले, ही बाब पुढच्या संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

स्कॉट यांच्या दुसऱ्या मोहिमेत, मार्च १९११ च्या आरंभी, याच सामुद्रधुनीत दोन घटना लागोपाठ घडल्या. बॉवर्स, चेरी-गॅरार्ड आणि क्रीन हे तिघे समुद्रबर्फावर तळ ठोकून झोपले असता रात्री बर्फ फुटला. माणसे वाचली, पण मोहिमेची मोलाची तट्टे गेली. त्याच सुमारास एरेबस पर्वतावरून समुद्रात उतरलेल्या हिमजिव्हेचा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा तुकडा तुटला आणि सामुद्रधुनीच्या पश्चिम किनाऱ्याशी जाऊन रुतला. आजच्या वाचकाला समुद्रबर्फाचे फुटणे आणि हिमजिव्हेचे तुटणे यांत संबंध दिसतो. त्या वेळी मोहिमेपुढचा प्रश्न वाटेचा आणि जिवाचा होता, हिमनदीच्या यांत्रिकीचा नव्हता. मार्च १९९० मध्ये हीच हिमजिव्हा पुन्हा सुमारे साडेतीन किलोमीटरने तुटली. तेव्हाही समोरचा समुद्रबर्फ फुटून गेलेला होता आणि वादळ झाले होते. या वेळी मात्र दोन्ही घटना एकत्र ठेवून पाहणारे शास्त्रज्ञ होते.

ग्रीनलंडचे निरीक्षण

हिमनदी आणि समुद्रबर्फ यांची सांगड प्रथम अधिक स्पष्टपणे घातली गेली ती उत्तर गोलार्धात. ग्रीनलंडच्या लोकांच्या भाषेत फ्योर्डमधल्या जुन्या, वर्षानुवर्षे न फुटणाऱ्या समुद्रबर्फाला 'सिकुस्साक' असा स्वतंत्र शब्द आहे. ज्या समाजाची शिकार आणि प्रवास बर्फावर अवलंबून असतो त्याच्या भाषेत बर्फाचे असे भेद असणारच. विसाव्या शतकात डॅनिश संशोधकांनी हा शब्द आपल्या शास्त्रीय लेखनात घेतला. उत्तर ग्रीनलंडच्या फ्योर्डांत हिमनद्यांपासून सुटलेले हिमनग दशकानुदशके या बर्फात जागच्या जागी अडकून राहतात आणि एखाद्या मोकळ्या उन्हाळ्यात बर्फ फुटला की सगळे एकदम बाहेर पडतात, असे त्यांच्या ध्यानात आले. २००१ मध्ये नील्स रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईशान्य ग्रीनलंडच्या तरंगत्या हिमनद्यांचे स्थैर्य आणि समोरचा किनाराबद्ध बर्फ यांचा संबंध स्पष्टपणे मांडला.

पश्चिम किनाऱ्यावरील याकोब्सहाव्न हिमनदीचे, म्हणजे ग्रीनलंडवासीयांच्या 'सेर्मेक कुयाल्लेक'चे, उदाहरण याहून बोलके आहे. या हिमनदीची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, हिन्रिच रिंक या डॅनिश अभ्यासकाच्या काळापासून, उपलब्ध आहे. तिच्या तोंडाशी हिवाळ्यात हिमनग, त्यांचा चुरा आणि समुद्रबर्फ यांचा घट्ट गोठलेला राडा साचतो. तो असेपर्यंत हिमनग सुटण्याचे प्रमाण घटते आणि हिमनदीचे तोंड पुढे सरकते. वसंतात तो सैल झाला की तोंड तुटू लागते आणि मागे हटते. समुद्रबर्फ एकट्याने हिमनदी थोपवू शकत नाही. पण हिमनगांच्या तुकड्यांना तो सांध्यासारखा बांधून ठेवतो आणि त्यामुळे तो सगळा राडा एकसंध भिंतीसारखा वागतो. दगड सुटे असले तर कोसळतात, चुन्यात बसवले तर उभे राहतात, तसाच हा प्रकार.

याच हिमनदीने सावधगिरीचाही धडा दिला. २००३ च्या सुमारास तिची तरंगती जिव्हा नाहीशी झाली आणि तिचा वेग १९९० च्या दशकातील वेगाच्या जवळजवळ दुप्पट झाला. पुढे २०१६ नंतर काही वर्षे समुद्राचे पाणी थंड झाल्याने ती पुन्हा मंदावली. म्हणजे समुद्रबर्फाच्या जोडीला खालून येणारे कोमट पाणी हेही कारण आहे, आणि कोणत्या वेळी कोणते कारण मुख्य ते तपासूनच ठरवावे लागते.

उपग्रहांनी दिलेली दृष्टी

१९७८ च्या अखेरीपासून उपग्रहांवरील सूक्ष्मलहरी उपकरणांमुळे ढग आणि ध्रुवीय रात्र यांची अडचण न येता समुद्रबर्फाची सलग नोंद होऊ लागली. त्याच वर्षी अमेरिकन भूशास्त्रज्ञ जॉन मर्सर यांनी एका लेखात इशारा दिला होता की हवामान तापले तर अंटार्क्टिक द्वीपकल्पावरील हिममंच उत्तरेकडून क्रमाने कोसळू लागतील. जानेवारी १९९५ मध्ये लार्सन हिममंचाचा 'अ' हा भाग वादळात फुटला. २००२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ब' भागाची पाळी आली. सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा, जवळजवळ २०० मीटर जाडीचा हा मंच पाच आठवड्यांच्या आत विखुरला. समुद्रतळावरील गाळाच्या अभ्यासातून असे दिसले की किमान दहा हजार वर्षे तो जागेवर होता.

खरा धडा त्यानंतरच मिळाला. मंचाच्या मागे असलेल्या हेक्टोरिया, ग्रीन, इव्हान्स आणि क्रेन या हिमनद्यांचा वेग २००३ पर्यंत कित्येक पटींनी वाढला. शेजारच्या स्कार इनलेटमध्ये मंचाचा तुकडा शिल्लक राहिला होता. त्याच्या मागच्या फ्लास्क आणि लेपर्ड या हिमनद्यांत मात्र तेव्हा तसा फरक पडला नाही. निसर्गाने आपण होऊन मांडलेला हा तुलनात्मक प्रयोगच होता. तरंगता मंच स्वतः वितळल्याने पातळी वाढत नसली, तरी तो आडवा उभा राहून जमिनीवरच्या बर्फाला रोखतो, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

मग मंच कोसळतो कशाने? पृष्ठभागावर साचलेले वितळपाणी भेगांत शिरून त्यांना खोलवर फाडते, हे कारण पुढे आले. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाचे रॉब मॅसम आणि त्यांचे सहकारी यांनी त्याला दुसरे कारण जोडले. लार्सन 'अ', लार्सन 'ब' आणि द्वीपकल्पाच्या पश्चिमेचा विल्किन्स मंच यांच्या पडझडीच्या वेळी समोरचा समुद्रबर्फ नाहीसा झालेला होता, असे त्यांनी दाखवले. भटका समुद्रबर्फ दाट असला की दूरच्या वादळांनी उठलेल्या लांब लाटा त्यातून जाताना विरतात. तो नसेल तर त्या थेट मंचाच्या कडेला येऊन धडकतात. मंच त्यांच्याबरोबर वरखाली वाकतो आणि आधीच भेगाळलेली कड सुटते. 'डिस्कव्हरी' जहाजाला सोडवणाऱ्या लाटांचेच हे मोठे रूप होय.

पूर्व अंटार्क्टिकातही पुरावे जमत गेले. विल्क्स लँडच्या पॉर्पॉइस उपसागरात २००७ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये समुद्रबर्फ फुटताच तेथील अनेक हिमनद्यांची तोंडे एकाच वेळी विखुरली. दोन्ही वेळा मिळून गमावलेले क्षेत्र सुमारे ५,००० चौरस किलोमीटर भरते. व्हिक्टोरिया लँडमधील पार्कर हिमजिव्हा मार्च २०२० मध्ये किनाराबद्ध बर्फ दीर्घकाळ नसताना तुटली आणि तिची सुमारे १८ किलोमीटरची संपूर्ण लांबी गेली. मार्च २०२२ मध्ये काँगर हा सुमारे १,२०० चौरस किलोमीटरचा मंच कोसळला, तेव्हाही समोर समुद्रबर्फाची ढाल नव्हती.

हिमनदीकडून समुद्रबर्फाला

हे नाते एकतर्फी नाही. हिमनदीही समुद्रबर्फाला आधार देते. मोठे हिमनग उथळ तळावर रुतून बसतात आणि खुंटीसारखे काम करतात. त्यांच्या मधोमध समुद्रबर्फ ताणून बसवलेल्या कापडासारखा टिकतो. हिममंचाच्या तळाशी वितळलेले अतिशीत पाणी वर येताना त्यात बर्फाच्या पातळ चकत्या तयार होतात आणि त्या समोरच्या किनाराबद्ध बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटून त्याची जाडी वाढवतात. मॅकमर्डो सामुद्रधुनीत हा प्रकार चांगला अभ्यासला गेला आहे.

मेर्ट्झ हिमनदीचे उदाहरण या दृष्टीने विशेष आहे. डग्लस मॉसन यांच्या १९११ ते १९१४ च्या मोहिमेत प्राण गमावलेल्या झेव्हिएर मेर्ट्झ यांचे नाव तिला दिलेले आहे. तिची लांबलचक जिव्हा समुद्रात शिरली होती आणि तिच्या पूर्व अंगाला अनेक वर्षांचा जाड किनाराबद्ध बर्फ चिकटलेला होता. जिव्हेमुळे बर्फ टिके आणि बर्फामुळे जिव्हा, अशी ती परस्परांची सोबत होती. फेब्रुवारी २०१० मध्ये 'बी-९-बी' या प्रचंड हिमनगाची जिव्हेशी गाठ पडली आणि सुमारे ७८ किलोमीटर लांबीचा भाग तुटून गेला. जिव्हेच्या आडोशाने पश्चिमेला राहणारे मोकळे पाणी, जिथे दर हिवाळ्यात नवा बर्फ मोठ्या प्रमाणात तयार होई, तेथील उत्पादन घटले. उलट 'बी-९-बी' पुढे कॉमनवेल्थ उपसागरात रुतला आणि एरवी उन्हाळ्यात मोकळा होणारा तो उपसागर किनाराबद्ध बर्फाने भरून गेला. मॉसन यांच्या लाकडी झोपड्यांपर्यंत जहाजाने पोहोचणे अवघड झाले. त्याच भागात डिसेंबर २०१३ मध्ये 'अकादेमिक शोकाल्स्की' हे जहाज बर्फात अडकले. एका ठिकाणी बर्फ गेला म्हणून हानी, दुसऱ्या ठिकाणी बर्फ वाढला म्हणून अडचण. दोन्हींचे मूळ एकाच हिमनदीत.

लार्सन 'ब' चा दुसरा अध्याय

२००२ मध्ये रिकामा झालेला लार्सन 'ब' चा उपसागर त्यानंतर काही वर्षे उन्हाळ्यात उघडा पडत असे. २०११ मध्ये तेथे किनाराबद्ध बर्फ धरला आणि तो उन्हाळ्यामागून उन्हाळे टिकला. त्याच्या आडोशाने क्रेन, हेक्टोरिया, ग्रीन या हिमनद्यांचा वेग कमी झाला आणि त्यांच्या जिव्हा पुन्हा काही किलोमीटर पुढे आल्या. मोठ्या मंचाची जागा पातळ बर्फाने अंशतः भरून काढली, असे दृश्य अकरा वर्षे दिसले.

१९ ते २१ जानेवारी २०२२ या तीन दिवसांत तो सगळा बर्फ फुटला. बाहेर वेडेल समुद्रातला भटका बर्फ पातळ झालेला होता. लांब लाटांना आत येण्यास वाट मिळाली होती. पुढच्या महिन्यांत हिमनद्यांच्या जिव्हा तुटल्या, वेग पुन्हा वाढला. हेक्टोरियाने २०२२ ते २०२३ मध्ये सुमारे २५ किलोमीटर माघार घेतली. त्यांपैकी आठ किलोमीटरांहून थोडी अधिक माघार २०२२ च्या अखेरच्या दोन महिन्यांत झाली. तिच्या खालचा भूभाग सपाट असल्याने पातळ झालेला बर्फ एकदम तरंगू लागला आणि तुटत गेला, असे स्पष्टीकरण २०२५ मध्ये मांडले गेले.

इथपर्यंतची हकीकत सरळ वाटते : बर्फ होता तेव्हा हिमनद्या थांबल्या, बर्फ गेला तेव्हा धावल्या. परंतु दोन घटना एकामागून एक घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरतेच असे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने किनाराबद्ध बर्फाचा थेट रेटा हिमनद्यांना आवरत होता, असा निष्कर्ष काढला. २०२४ मध्ये दुसऱ्या गटाने संगणकीय प्रतिमानांच्या आधारे दाखवले की या पातळ बर्फाचा थेट यांत्रिक रेटा फारच थोडा होता. त्यांच्या मते वेग वाढला तो बर्फ गेल्यानंतर हिमनद्यांची तोंडे आणि तेथला जाड राडा तुटून गेल्यामुळे. किनाराबद्ध बर्फाने हिमनद्यांना हाताने ढकलून थांबवले नाही. त्याने त्यांच्या भेगाळ तोंडांना लाटांपासून झाकले आणि सुटलेले तुकडे जागेवर धरून ठेवले, असे या मताचे सार सांगता येईल.

हा भेद केवळ पंडिती वाद नव्हे. बर्फाचा आधार थेट रेट्याचा असेल, तर तो पातळ होत गेला की हिमनदी हळूहळू वेग घेईल. आधार पांघरुणासारखा असेल, तर बर्फ जोवर अखंड आहे तोवर फारसे काही दिसणार नाही आणि तो फुटला की थोड्या दिवसांत सगळे बदलेल. समुद्रपातळीचा अंदाज बांधणाऱ्याला या दोहोंपैकी काय गृहीत धरायचे हे ठरवावे लागते.

गोव्याहून निघालेली वाट

या विषयाशी आपल्या परिसराचा संबंध आहे आणि तो अभिमानाचा आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून 'पोलर सर्कल' या भाड्याने घेतलेल्या नॉर्वेच्या जहाजातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. एकवीस जणांच्या या तुकडीचे नेतृत्व डॉ. सय्यद जहूर कासिम यांनी केले. अलाहाबादेत १९२६ मध्ये जन्मलेले आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेले कासिम साहेब गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या महासागर विकास विभागाचे सचिवपद त्यांनी सांभाळले. पुढे १९८९ ते १९९१ या काळात ते जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू झाले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. समुद्रातील सजीवसृष्टीचा अभ्यासक बर्फाच्या खंडावर देशाची पहिली तुकडी घेऊन जातो आणि नंतर एका राष्ट्रीय विद्यापीठाची धुरा वाहतो, हे चरित्र आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांपुढे अवश्य यायला हवे.

१९८३-८४ च्या मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचे पहिले केंद्र तरंगत्या हिममंचावर उभारले गेले. काही वर्षांतच ते साचत्या हिमाखाली दबले आणि १९९० मध्ये बंद करावे लागले. त्याची जागा घेणारे 'मैत्री' खडकाळ जमिनीवर बांधले गेले. २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांवर 'भारती' हे केंद्र सुरू झाले. तेथील किनाऱ्यासमोर किनाराबद्ध बर्फ असतो. उत्तर ध्रुवाकडे स्वालबार्डमध्ये २००८ पासून 'हिमाद्री' हे केंद्र आहे. तेथील कोंग्सफ्योर्डमध्ये २०१४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी पाण्याखाली निरीक्षणयंत्रणा बसवली. या फ्योर्डच्या माथ्याशी हिमनद्या समुद्रात उतरतात आणि २००६ पासून तेथे हिवाळ्यात धरणारा किनाराबद्ध बर्फ बराच घटला आहे. या सर्व कामाचे सूत्रसंचालन वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून होते. लेखात वर्णिलेला प्रश्न गोव्याच्या किनाऱ्यावरील प्रयोगशाळेच्या कक्षेतला आहे.

समारोप

अंटार्क्टिकाच्या समुद्रबर्फाचे उन्हाळी क्षेत्र फेब्रुवारी २०२२ मध्ये उपग्रह नोंदीत प्रथमच २० लाख चौरस किलोमीटरच्या खाली गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते सुमारे १७.९ लाखांवर आले. किनाराबद्ध बर्फानेही मार्च २०२२ मध्ये नोंदीतील नीचांक गाठला. या बर्फाच्या घटण्याने पाणी थेट वाढले नाही. परंतु ज्या हिमनद्यांची तोंडे त्याने झाकली होती त्यांचा बर्फ जमिनीवरचा आहे आणि समुद्रात आला की पाणी वाढवतोच. शिवाय अंटार्क्टिकाचा बर्फ घटला की त्या खंडाचे गुरुत्वाकर्षण कमी होते आणि तेथून हटलेले पाणी दूरच्या, विशेषतः उत्तर गोलार्धातील किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा अधिक चढते. मुंबई, रत्नागिरी आणि मार्मागोवा या हिशोबाबाहेर नाहीत.

म्हणून वर्गात पेल्याचा प्रयोग अवश्य करावा. तो सोपा आणि खरा आहे. मात्र त्याच वेळी पेल्याच्या काठावर एक उतरती फळी ठेवून तिच्यावर बर्फाची लादी ठेवावी. पेल्यात भरलेले खडे तिला टेकून उभे असतील तर लादी अडते, ते विरघळले की ती पाण्यात घसरते आणि मग पाणी सांडते. खऱ्या किनाऱ्यावर हा आधार टेकूचा की पांघरुणाचा हा वाद या प्रयोगाने सुटणार नाही. पण पुस्तकातले विधान कुठे संपते, हे विद्यार्थ्याला दिसेल. अर्ध्या सत्याला पूर्ण करणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि लार्सन यांच्या १८९३ च्या सफरीपासून हेक्टोरियाच्या माघारीपर्यंतचा हा इतिहास त्याला पुरेशी सामग्री देतो.